खाडीपुलाची दुरुस्ती: कामाच्या नोंदी (नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४)

६ नोव्हेंबर २०२३

काम हातात आलं. सिंधुदुर्गातल्या एका खाडीवरचा, मुंबई-गोवा महामार्गाचा जुना दोन पदरी पूल. २५ मीटरचे ८ गाळे (दोन आधारांमधले भाग), प्रत्येक गाळ्यात आरसीसीचे, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचे, ३ गर्डर (लांब तुळया), गर्डरच्या टोकांखाली रबरी बेअरिंग (गर्डरला थोडं सरकू देणाऱ्या गाद्या), खांबांना विहिरीचे, म्हणजे तळात खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या विहिरींचे, पाये. बांधून चाळीस वर्षं झाली. चौपदरीकरणात शेजारी नवा पूल झाला, तरी गोव्याकडे जाणारी सगळी वाहतूक अजून या जुन्यावरूनच जाते. चिऱ्याचे ट्रक, गॅसच्या गाड्या, रात्रीच्या लक्झरी, सगळं.

कामाची व्याप्ती अशी: खराब काँक्रीट काढून नव्याने भरणं, ४८ बेअरिंग आणि ९ एक्स्पान्शन जॉइंट (गाळ्यांच्या टोकांना, तापमानाने लांब-आखूड व्हायला ठेवलेल्या फटींचे सांधे) बदलणं, वरचा डांबरी थर खरवडून नवा घालणं. पावसाच्या आत संपवायचं. अशाच वयाचे, अशाच बांधणीचे पूल कोकणात ठिकठिकाणी आहेत. त्यांचं काम पुढे ज्यांच्याकडे येईल त्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय.

९ नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी, रस्त्यावर काही करता येत नाही. कडेची कामं काढली. पहिलं काम ड्रेनेज स्पाउटचं, म्हणजे स्लॅबवरचं पाणी खाली सोडणाऱ्या पाइपांचं. एकूण ८० आहेत, त्यातले ११ उघडे. बाकीच्यांवर डांबर चढलेलं, नाहीतर माती भरून त्यात गवत. एका पाइपात पिंपळ उगवला होता आणि त्याचं मूळ स्लॅबच्या भेगेत शिरलेलं. पिंपळ वरून छाटून भागत नाही, पुढच्या पावसात दुप्पट जोराने येतो. छन्नीने मूळ खणून काढलं, जागा इपॉक्सीने बंद केली.

पाइप मोकळे झाल्यावर बादलीने पाणी ओतून पाहिलं. पाइप स्लॅबच्या खाली जेमतेम चार बोटं आलेले. पाणी सुटलं की वाऱ्याबरोबर थेट गर्डरच्या अंगावर. दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या गर्डरांचं काँक्रीट फुगलंय आणि मधला गर्डर त्या मानाने धड आहे, याचं उत्तर तिथेच मिळालं. पाइप वाढवून त्यांची तोंडं गर्डरच्या तळाच्याही खाली न्यायची ठरवली. अंदाजपत्रकात हे काम नव्हतं. खर्च सगळ्या दुरुस्तीच्या मानाने किरकोळ आहे, पण हे न करता गर्डर दुरुस्त केला तर काही पावसाळ्यांत पुन्हा तिथेच यावं लागेल. म्हणून आधी हे मंजूर करून घेतलं.

पाइपाचे क्लॅम्प आणि बोल्ट स्टेनलेसचेच घ्या. साधे खाऱ्या वाऱ्यात टिकत नाहीत, आणि गंजलेला बोल्ट आपल्याबरोबर आजूबाजूचं काँक्रीटही फोडतो.

२२ नोव्हेंबर

गर्डरांची ठोकून तपासणी चालू आहे. पूल तपासणीची गाडी भाड्याने आणली. ती वर एक पदर अडवून उभी राहते आणि तिचा हात कठड्यावरून खाली वळून गर्डरखाली जातो. डायफ्रामच्या (गर्डरांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या भिंतींच्या) आतल्या कोपऱ्यांत तो हात पोचत नाही, तिथे झुला बांधून माणसं उतरवली.

यंत्रं पुष्कळ आहेत, पण पहिली तपासणी हातोडीनेच करावी. चांगलं काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं भदभद वाजतं. आमचा मुकादम ठोकत पुढे जातो आणि मागून एक मुलगा खडूने हद्द आखतो. संध्याकाळी सगळ्या हद्दींचं मोजमाप वहीत.

अंदाजपत्रकात खराब काँक्रीट १४० चौरस मीटर धरलं होतं. पाच गाळे ठोकून झाले तेव्हाच तो आकडा मागे पडला. अंदाज किनाऱ्यावरून काढलेल्या फोटोंवर केला होता. फोटोत फुटलेलं काँक्रीट दिसतं. सुटलेलं, पण अजून न पडलेलं दिसत नाही. अशा पुलाचं अंदाजपत्रक करायचं असेल तर त्याआधी दोन माणसं आणि एक हातोडी खाली उतरवण्याचा खर्च करावा. तो पुढे कितीतरी पटीने वाचतो.

५ डिसेंबर

अष्टमी. भांगाची भरती, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे प्रवाह संथ. खाडीचा तळ मोजायला हाच दिवस धरला होता.

विहिरीच्या पायाचा पूल उभा असतो तो विहिरीभोवतीच्या मातीच्या आधारावर. ती माती किती गेली हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं त्यातल्या माणसांसह वाहून गेली. तो दगडी कमानींचा, वेगळ्या जातीचा पूल होता, पण तेव्हापासून याच महामार्गावर काम करताना पाण्याखालच्या मोजमापाकडे मला दुसऱ्या कुणावर सोपवायचं काम म्हणून पाहता येत नाही. होडीत स्वतः बसतो.

मोजायची पद्धत साधी: शिशाचं वजन लावलेली, मीटर-मीटरवर खुणा केलेली दोरी. फक्त खोली पाण्याच्या पातळीपासून लिहून उपयोग नाही, कारण पातळी तासातासाला बदलते. आधी लेव्हल लावून प्रत्येक खांबावर रंगाने पट्टी काढली आणि पाणी कुठल्या खुणेवर आहे ते प्रत्येक मापाबरोबर लिहिलं. खांबाच्या चारी बाजूंना मापं घेतली, कारण खड्डा एकाच बाजूला असू शकतो.

तिसऱ्या खांबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे नदीचा प्रवाह येतो त्या बाजूला, तळ जुन्या नोंदीपेक्षा दीड मीटरहून जास्त खाली गेलाय. दोरी कुठेतरी अडकली असेल म्हणून पुन्हा मोजलं, माप तेच. होडीवाले काका म्हणाले, "साहेब, पयल्यान हंयसर बांबू टेकायचो, आता लागणा नाय." वरच्या बाजूला काही वर्षं सक्शन पंपाने वाळू निघत होती असं गावात सगळेच सांगतात. आमच्या करारात पायाचं काम नाही. तरी नकाशा, मापं आणि फोटो जोडून स्वतंत्र पत्र दिलं. विहिरीची पकड अजून पुरेशी आहे असं डिझाइनवाल्यांनी हिशेब करून कळवलं, आणि दर पावसाळ्याआधी व नंतर मोजायला सांगितलं.

१४ डिसेंबर

गंजाच्या चाचण्या. हाफ-सेलने, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या उपकरणाने, गर्डरच्या पोटावर जाळीजाळीने वाचन घेतलं. तांबे-मोरचुदाच्या इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली वाचन गेलं तर आत सळई गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर धरतात. बाहेरच्या गर्डरांची टोकं, म्हणजे जॉइंटच्या खालचे भाग, जवळजवळ सगळे या वर्गात. गर्डरच्या मध्यावर वाचन बरं आहे.

फिनॉल्फथॅलिनचीही चाचणी केली. काँक्रीट फोडून लगेच फवारायचं. गुलाबी झालं तर सळईला राखणारा क्षारपणा शिल्लक आहे, रंग आलाच नाही तर गेला. फोडल्यावर धूळ फुंकून काढा. बाहेरची धूळ ताज्या भागावर बसली की निकाल चुकतो.

दोन्ही चाचण्या एकच सांगतात. गंज जास्त आहे तो गर्डरच्या टोकांना आणि पिअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावरच्या, गर्डर पेलणाऱ्या भागावर), जिथे वरच्या जॉइंटमधून पाणी गळतं. खाडीच्या पाण्याचा मार खांबांना बसतोय, पण गर्डरांचं आणि बेअरिंगचं नुकसान पावसाच्या पाण्याने केलंय. जॉइंटच्या फाटलेल्या रबरी सीलमधून ते वर्षानुवर्षं खाली येत राहिलं आणि वाऱ्याने बसलेलं मीठ काँक्रीटच्या आत नेत राहिलं.

ही सळई साधी आहे, हे एका अर्थी बरं. आधी फुगते, काँक्रीट फोडते, तांबूस डाग दाखवते, इशारा देते. ताणलेल्या केबलच्या पुलात गंज आवरणाच्या आत चालतो आणि बाहेर काही दिसेलच असं नाही. पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल असाच केबलचा; तो जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा तो जेमतेम दीड दशकाचा होता. तुमचा पूल प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे अशा ताणलेल्या केबलचा, असेल तर या नोंदींवर विसंबू नका, केबलची तपासणी हे वेगळं शास्त्र आहे.

८ जानेवारी २०२४

काम थांबलेलं. खराब काँक्रीट एकूण ३१० चौरस मीटर निघालं. वाढीव कामाला मंजुरी हवी, आणि फाइल फिरतेय. हवामानाच्या दृष्टीने वर्षातले सगळ्यात चांगले दिवस असे गेले, याचं फार वाईट वाटतं. मजूर दुसऱ्या साइटवर जातील म्हणून त्यांना स्पाउटच्या पाइपांवर आणि पिअर कॅपच्या सफाईवर ठेवलं. कॅपवर चाळीस वर्षांची माती, शटरिंगच्या फळ्या, पक्ष्यांची घरटी. बेअरिंग दिसतच नव्हती. एका कॅपवरून घमेल्यांनी माती काढताना तिच्या खाली काँक्रीट ओलं लागलं, तेही डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत.

२९ जानेवारी

मंजुरी आली, भराई सुरू. पहिल्या गर्डरचं काँक्रीट उघडल्यावर मागच्या दुरुस्तीचा थर अखंड लादीसारखा निघून हातात आला. आत सळईवर गंजाचे पापुद्रे, खारी बिस्किटासारखे, बोटाने सुटणारे. मागच्यांनी फक्त सळईच्या पुढचं काँक्रीट काढलं होतं, मागची बाजू तशीच ठेवून वरून गिलावा केला होता.

आमची पद्धत लिहितो. सळईच्या मागे बोट फिरेल एवढी जागा होईपर्यंत फोडायचं. सळई दोन्ही बाजूंना स्वच्छ, न गंजलेली दिसेपर्यंत लांबीत पुढे जायचं. वायरब्रशवर भागवायचं नाही, वाळूचा मारा करून सळई उजळ करायची. व्यास मोजायचा, फार घटला असेल तर जोड सळई. मग झिंकचा प्रायमर, बाँडिंग कोट, आणि तो सुकायच्या आत भराई.

नव्या भराईच्या कडेला, जुन्या काँक्रीटमधली सळई आधीपेक्षा जोरात गंजू लागते. नवा भाग सुरक्षित झाला की गंजाची सगळी भूक शेजारच्या भागावर येते. म्हणून कडेच्या सळयांना जस्ताचे बळी अॅनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बांधले. महाग वाटतात, पण मागची दुरुस्ती ज्या रीतीने कडेकडेने सुटली होती ते पाहिल्यावर हा खर्च कापायला मी तयार झालो नाही.

३ फेब्रुवारी

दोन गोष्टी बिघडल्या.

पाण्याच्या माऱ्याने धुण्याच्या पंपाची नळी कुणीतरी खाडीत सोडली, टँकर यायला उशीर झाला म्हणून. अर्धा गर्डर खाऱ्या पाण्याने धुतला गेला, म्हणजे जे मीठ बाहेर काढतोय तेच आत. तो भाग पुन्हा वाळूच्या माऱ्याने घासला आणि गोड्या पाण्याने दोनदा धुतला. आता टँकर आल्याशिवाय पंप चालू होत नाही आणि नळी खाडीपर्यंत पोचणार नाही एवढीच ठेवली आहे. क्युअरिंगलाही (नवं काँक्रीट ओलं ठेवण्यालाही) तोच नियम.

दुसरं, शटरिंग काढल्यावर गर्डरच्या तळाला भराईत पोकळ्या दिसल्या. मायक्रोकाँक्रीट (भराईचं बारीक खडीचं, ओतता येणारं तयार मिश्रण) दोन्ही बाजूंनी ओतलं होतं, मध्ये हवा अडकली. त्याशिवाय मिश्रण घट्ट वाटलं म्हणून वरून पाणी घातलेलं, त्याने बारीक भेगाही आल्या. तो तुकडा फोडून परत केला. २५ किलोची गोणी सातशेच्या आसपास पडते, पण खरं नुकसान मजुरी आणि झुल्याचं. आता ओतणं एकाच बाजूने, दुसऱ्या टोकाला वर हवा निघायची नळी, आणि त्या नळीतून मिश्रण बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. पाण्यासाठी खूण केलेलं एकच भांडं, बाकीची भांडी मिक्सरपासून दूर.

१० फेब्रुवारी

काल अमावस्या झाली. उधाणाची ओहोटी खोल जाते, म्हणून खांबांचा खालचा पट्टा आज घेतला. प्रवाह संथ हवा तर भांग, पाणी खाली हवं तर उधाण, हे पंचांग साइटवर भिंतीला लावून ठेवलंय. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे आठवड्याचं वेळापत्रक ऑफिसच्या तासांवर बसवता येत नाही.

खांब सगळ्यात जास्त खराब होतो तो भरती-ओहोटीच्या आणि त्यावरच्या लाटांच्या पट्ट्यात, जिथे तो कधी ओला, कधी कोरडा. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला ऑक्सिजन कमी मिळतो, तिथे गंज संथ. कालवं खरवडून काढली तेव्हा खालचं काँक्रीट अपेक्षेपेक्षा बरं निघालं. भेगा आहेत त्या कालवांच्या रेषेच्या वर.

२४ फेब्रुवारी

बेअरिंगची तयारी. उचलायचं वजन आधी काढलं: स्लॅब, गर्डर, डायफ्राम, कठडे, डांबर मिळून एका गाळ्याचे अंदाजे २८० टन, म्हणजे एका टोकाला १४०. प्रत्येक टोकाला १०० टनांचे, कमी उंचीचे, लॉकनट (दाब गेला तरी जॅक खाली बसू न देणारा नट) असलेले ४ जॅक, डायफ्रामखाली. क्षमता अडीचपटीहून जास्त ठेवली, कारण एखाद्या जॅकवर जास्त भार येतोच. डायफ्रामला तेवढा भार झेपेल का हे डिझाइनवाल्यांकडून लेखी घ्या. सगळ्या जुन्या पुलांचे डायफ्राम उचलण्यासाठी बनवलेले नाहीत.

परवानगी रात्री ११ ते ४ ची. तेवढा वेळ दोन्ही दिशांची वाहतूक नव्या पुलावरून, दोन्ही टोकांना पोलीस आणि आमची माणसं, झेंडे, दिवे, बॅरिकेड. वळणाचे फलक पुरेसे लांबून लावा. भरलेल्या ट्रकला वेग कमी करायला अंतर लागतं, आणि रात्री ड्रायव्हर पेंगुळलेला असतो.

५ मार्च

पहिल्या खांबावर गाळा उचलला. सगळे जॅक एका पंपाला, प्रत्येक जॅकशेजारी डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं मापक). अर्धा-अर्धा मिलिमीटर वर, वाचन, लॉकनट, पुन्हा. शेजारच्या दोन जॅकमध्ये एक मिलिमीटरपेक्षा फरक पडू द्यायचा नाही. आठ मिलिमीटर झाल्यावर जुनी बेअरिंग मोकळी झाली. रबर कडेला फुगून फाटलेलं, आतल्या पोलादी पट्ट्या उघड्या पडून गंजलेल्या. तीनपैकी एक तर पेडेस्टलला (बेअरिंगखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्याला) चिकटूनच बसलं होतं, चेनपुलीने ओढून काढलं. म्हणजे गर्डर सरकायला बघायचा आणि बेअरिंग त्याला धरून ठेवायचं. पेडेस्टलच्या कोपऱ्यातल्या भेगा त्यातूनच आल्या.

१३ मार्च

चौथ्या खांबावर एका जॅकचा दाब चढत गेला, डायल हलेना. बाकीचे तीन वर येतायत, हा कोपरा जागेवरच. पंपवाल्याने आणखी दाब द्यायची तयारी केली होती, त्याला थांबवलं. पंप बंद, लॉकनट आवळले, आणि वर जाऊन तो कोपरा तपासला. डांबराखाली जॉइंटची फट कधीतरी काँक्रीटने बुजवलेली होती. कठड्याचा लोखंडी पाइपही जॉइंटवर वेल्डिंगने सलग केलेला. दोन्ही गाळे त्या कोपऱ्यात एकमेकांना बांधलेलेच होते. पाइप गॅसकटरने कापला, फट ब्रेकरने मोकळी करेपर्यंत चार वाजत आले. जॅक उतरवले, गाळा परत जुन्या बेअरिंगवर ठेवला, वाहतूक सोडली. त्या रात्रीचं भाडं, माणसं, बंदोबस्त, सगळं गेलं.

यापुढे प्रत्येक उचलण्याआधी दिवसाउजेडी वरून पाहणी: डांबर जॉइंटवर आरपार कापलंय का, कठडा तुटक आहे का, केबलचे डक्ट किंवा पाण्याचे पाइप सैल केलेत का, फटीतून पट्टी इकडून तिकडे फिरते का. दाब चढतोय आणि हालचाल नाही, अशा वेळी पंप बंद करायचा. कारण शोधल्याशिवाय दाब वाढवायचाच नाही. तसं केलं की डायफ्राम फुटतो.

१६ मार्च

एका नव्या बेअरिंगखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज आत गेलं. पेडेस्टलचा वरचा पृष्ठभाग एका कडेला तीन मिलिमीटर उतरता झालेला. बेअरिंग पूर्ण टेकलं नाही तर सगळा भार एका कडेवर येतो आणि नवं रबरही जुन्याच्या वाटेने जातं. पुन्हा उचलून इपॉक्सी मॉर्टरने समतल केलं. मार्चच्या उकाड्यात हे मॉर्टर हातातच घट्ट होतं, म्हणून रात्री आणि थोडं थोडंच कालवायचं.

२१ मार्च

शिमगा. चाकरमानी गावी येतायत, रात्री ११ नंतरही रांगा संपत नाहीत. पालख्या उतरून गर्दी ओसरेपर्यंत रात्रीचे ब्लॉक, म्हणजे वाहतूक वळवून करायची कामं, बंद. निम्मी माणसं गावी गेली, ते योग्यच आहे. कोकणातल्या रस्त्याचं वेळापत्रक करताना शिमगा आणि गणपती आधी मांडायचे, बाकीचं त्यांच्याभोवती बसवायचं.

६ एप्रिल

बेअरिंग संपली. वरचं डांबर खरवडायला घेतलं. मूळ थर धरून वर आणखी थर चढलेले, काही ठिकाणी सगळं मिळून वीतभर. खड्डे पडले की वर एक थर, असंच वर्षानुवर्षं चाललेलं. एका गाळ्यावर २५ मिलिमीटरचा एक थर म्हणजे जवळपास ११ टन. हे वजन पूल चोवीस तास वाहतो, ट्रक आला किंवा नाही आला तरी. शिवाय थर चढत गेले तसे कठडे बुटके झाले आणि स्पाउटची तोंडं बुजली. आता स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करून एकच थर, आणि कठड्यावर पातळीची खूण कोरून ठेवली आहे. पुढच्या वेळी आधी खरवडायचं, मगच घालायचं.

खरवडण्याच्या यंत्राने एके ठिकाणी स्लॅबच्या वरच्या सळयांना स्पर्श केला. जुन्या स्लॅबवर कव्हर, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटची जाडी, सगळीकडे सारखं नसतं. शेवटचा थर तिथून पुढे हाताने, छोट्या ब्रेकरने काढला. वेळ दुप्पट लागला.

१८ एप्रिल

जॉइंट. स्ट्रिप सील प्रकारचे (फटीत रबरी पट्टी बसवलेले), दर मीटरला साधारण पंधरा हजार. अर्धी रुंदी आधी, अर्धी नंतर. २५ मीटरचा गाळा तापमानात २५ अंशांचा फरक पडला तर साडेसात मिलिमीटर लांब-आखूड होतो. म्हणून फट किती ठेवायची हे त्या वेळच्या पुलाच्या तापमानावर ठरतं. कारखान्यातून येतं त्या मापावर तसंच बसवायचं नसतं.

२६ एप्रिल

दुसऱ्या जॉइंटची कड तुटली. काँक्रीटला ठरलेली ताकद यायच्या आत पदर उघडावा लागला, कारण नव्या पुलावर एक ट्रक बंद पडला आणि मागे मैलभर रांग लागली. त्यात रुग्णवाहिका होती, त्यामुळे उघडण्याचा निर्णय बरोबरच होता. पण अशी वेळ येणार हे धरून जाड पोलादी प्लेटा तयार ठेवायला हव्यात, ताज्या काँक्रीटला न टेकता दोन्ही बाजूंना बसतील अशा. आता ठेवल्या आहेत. क्यूब चाचणीचा (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या ताकदीचा) निकाल हातात आल्याशिवाय प्लेट काढत नाही.

७ मे

आज मतदान. पोलीस बंदोबस्त निवडणुकीला, त्यामुळे गेल्या आठवड्यापासून रात्रीचे ब्लॉक नाहीत. खालची रंगकामं उरकली: गर्डरच्या टोकांना आणि कॅपवर संरक्षक कोट. कॅपला बाहेरच्या बाजूला उतार दिला, पाणी साचू नये म्हणून.

२५ मे

शेवटचा जॉइंट, शेवटचा डांबरी पट्टा. आभाळ भरून येतंय.

११ जून

पाऊस चांगला लागलाय. गमबूट घालून प्रत्येक कॅपखाली उभा राहिलो. आठ जॉइंटखाली कॅप कोरडी. सहाव्या खांबावर कडेने धार. वर पाहिलं तर रबरी सील मध्ये जोडून दोन तुकड्यांत बसवलेलं, आणि कठड्याच्या पायाशी वर वळवलेलंच नाही. सील एकाच लांबीचं, बिनजोड असावं आणि दोन्ही टोकांना वर उचललेलं असावं, हे बसवणाऱ्याला सांगितलं होतं. पण त्या रात्री घाईत तपासलं गेलं नाही. पावसाच्या उघडिपीत सील ओढून काढलं आणि अखंड घातलं. बसवतानाच बादलीने पाणी ओतून पाहायचं, पहिल्या पावसाची वाट पाहायची नाही.

स्पाउटमधून पाणी गर्डरच्या खाली सरळ खाडीत पडतंय. वारा असूनही गर्डर कोरडा. हे पाहून मनापासून बरं वाटलं.

देखभालीच्या नोंदवहीत लिहून दिलंय: दर मे महिन्यात आणि भर पावसात एकदा, दोन माणसं, एक पहार, झाडू आणि घमेलं. ८० स्पाउट, ९ जॉइंटमधली खडी-माती, गाळ्यांच्या १६ टोकांखालच्या कॅपची झाडलोट. एका दिवसाचं काम आहे. सीलमध्ये खडी दबून राहिली की चाकांखाली ती रबर फाडते, आणि मग गेल्या सहा महिन्यांत केलेलं सगळं पुन्हा करायची वेळ येते. हे काम कुणी करायचं, कुठल्या खर्चातून, तेही वहीत नावानिशी लिहून घेतलं.

१९ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरचं तळाचं माप, त्याच पट्ट्यांवरून, त्याच होडीतून. बाकी खांबांपाशी फरक किरकोळ. तिसऱ्याच्या वरच्या अंगाला तळ आणखी ४० सेंटिमीटर गेलाय. त्याच दिवशी मापं पाठवली. विहिरीभोवती दगडांचा भराव घालायचं अंदाजपत्रक आता तयार होतंय. दगडाचा आकार प्रवाहाच्या वेगावरून ठरवा, जवळच्या खाणीत जो मिळतो त्यावरून ठरवू नका, एवढं पत्रात लिहिलं. भराव पूर्ण होईपर्यंत दर भांगाला त्या एका खांबाचं माप घ्यायचं ठरलंय. दोरी आणि वजन साइटच्या खोलीत ठेवलंय, काकांना वेळा कळवल्या आहेत.